खुंटीवरची पगडी

"थांबा. आधी पगडी उतरवतो."

हे शब्द कानावर पडले की आमच्या शाळेतली चौथीची पोरं चिडीचूप व्हायची. मास्तर दोन्ही हातांनी डोक्यावरची बांधीव पगडी अलगद उचलायचे, नकाशाशेजारच्या खुंटीला लावायचे आणि खुर्चीत बसून तांब्यातलं पाणी घोट घोट प्यायचे. डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि मागं ताठ उभी शेंडी. हसू येण्यासारखंच ध्यान, पण पोरं ओठ दाबून बसायची. पगडी खुंटीवर म्हणजे मास्तर रागावलेत. पगडी परत डोक्यावर म्हणजे राग उतरला, आता बोलायला हरकत नाही. पाढ्यांपेक्षा हे पोरांना पक्कं पाठ होतं.

आता तुम्ही म्हणाल, केवढा संयमी माणूस. कसला संयमी? मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होतो, मध्ये फक्त बांबूच्या तट्ट्याची भिंत, तेव्हा मला विचारा. अख्ख्या देवासात त्यांच्याइतका तापट माणूस दुसरा नव्हता. भाजीवालीनं किडकं वांगं दिलं तरी यांची कानशिलं लाल. सोंगट्या खेळायला बसले की पहिल्याच दानाला पगडी उतरायची, ती डाव संपेपर्यंत चढायची नाही. बरं, लपवाछपवी नाही. पोरांना सरळ सांगायचे, "मला राग फार लवकर येतो. तुम्हालाही येतो. न येणारा मला अजून भेटायचाय. आल्यावर काय करायचं, तेवढं आपण मिळून शिकू."

पगडीची युक्ती मात्र त्यांची नव्हे, घरातून आलेली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एकदा मला पोहे देता देता सांगितलं. लग्न नवं होतं. मास्तर शाळेतून तणतणत आले आणि दारातूनच सुरू झाले. काकू म्हणाल्या, "पगडी ठेवा, मग काय ते बोला." यांनी ठेवली आणि तोंडातून शब्द फुटेना.

"अहो, बोडक्या डोक्यानं ओरडता येत नाही माणसाला," काकू मला म्हणाल्या. "सगळा रुबाब त्या पगडीचा. ती काढली की खाली आपलं साधं माणूस उरतं."

मास्तर शेजारी बसून पोह्यांतले दाणे वेचून खात होते. मान वर न करता म्हणाले, "हो, असंच."

हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. त्याची कथा सांगायची तर आधी आमचं गाव सांगायला हवं. देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार. रस्त्याच्या या बाजूला थोरलीचा अंमल, त्या बाजूला धाकटीचा. माताजीच्या टेकडीवर देवीसुद्धा दोन. आमची शाळा तेवढी दोघांच्या सामाईक खर्चातली, आणि म्हणूनच तिथं सगळं दुहेरी. पोरांच्या सतरंज्या दोन, पाण्याचे माठ दोन. विहीर एकच, पाणी भरणारा चपराशीही एकच, पण एक माठ थोरलीचा आणि एक धाकटीचा. थोरल्या महाराजांचा वाढदिवस आला की अर्ध्या वर्गाला सुट्टी, आणि उरलेला अर्धा वर्ग दाराकडे बघत जांभया देत बसलेला. अशा वर्गाला मी त्रैराशिक शिकवत असे. करा कल्पना.

पोरांची भांडणंही मग पात्यांवरूनच. आमचा हत्ती मोठा, आमच्या तोफेचा आवाज मोठा. आम्ही बाकीचे मास्तर सरळ दोघांच्याही हातावर छडी ओढायचो. तेवढ्यापुरतं मिटायचं, संध्याकाळी नदीवर पुन्हा सुरू. हे मास्तर मात्र रीतसर खटला चालवायचे. नियम एकच, पण भलता अवघड. आपली बाजू आपण मांडायची नाही. प्रत्येकानं समोरच्याचा वकील व्हायचं. ज्यानं मारलं त्यानं मार खाणाऱ्याचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि मार खाणाऱ्यानं मारणाऱ्याचं. ज्याची बाजू चालली आहे तो "हो, असंच" म्हणत नाही तोवर वकिलाची सुटका नाही. पोरं त्यांना वकीलमास्तरच म्हणायची.

तट्ट्याच्या भिंतीतून मला हे असं ऐकू यायचं:

"याला वाटलं, मी याचा बोरू मुद्दाम मोडला."

"नाही. असं नाही."

"मग काय वाटलं तुला?"

"ते तूच सांग, भिया," मास्तर माळवीत भावासारखी हाक मारत म्हणायचे. "वकील तू आहेस."

मग बराच वेळ वकील डोकं खाजवत असणार. शेवटी हळूच, "हा बोरू याच्या आजोबांनी तासून दिला होता. ते वारले. आता तसा कोण तासणार?" आणि त्यावर एक रडवेलं "हो, असंच."

खोटं कशाला बोलू, मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. एकदा मी तडक त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तुमच्या कोर्टापायी माझ्या पोरांच्या बेरजा चुकतात. हे बंद करा." मास्तरांची कानशिलं लाल झाली, पगडी खुंटीला गेली. मी तिथंच उभा. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. आता माझी बाजू तुम्ही मांडा."

"मी काय चौथीत आहे?" म्हणून मी पाय आपटत निघून आलो. आणि रात्री जेवताना मी घरी काय सांगत बसलो असेन? की त्या माणसाला स्वतःच्याच तापट स्वभावाची भीती वाटते, म्हणून पोरं लहान आहेत तोवर त्यांना तो रागाच्या वेळी धरायला काहीतरी देऊ बघतोय. माझी बायको म्हणाली, "मग हे त्यांना सांगा, मला काय सांगता?" दुसऱ्या दिवशी सांगितलं. मास्तर खूश होऊन म्हणाले, "हो, असंच." मला इतका राग आला की काही विचारू नका.

आता मुख्य गोष्ट.

चौथीत गणू नावाचा मुलगा होता, धाकट्या पातीच्या दरबारी शिंप्याचा. मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं घर, सुई-दोरा पिढीजात, पण पुस्तक हातात धरलेला घरातला हा पहिलाच. वाचायचा त्याला इतका नाद की बाजारातून आलेल्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायचा नाही. आणि दुसरा भास्कर, थोरल्या पातीच्या एका बड्या अंमलदाराचा मुलगा. त्या अंमलदारांना गाव रावसाहेब म्हणे. ते रस्त्यानं निघाले की आमचे हेडमास्तर आधीच बाजूला होऊन उभे राहायचे.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, माठांपाशी गणूनं भास्करच्या तोंडावर ठोसा हाणला. समोरचा दात अर्धा तुटला. मास्तर धावत आले. "थांबा, आधी पगडी," म्हणून तिथं खुंटी नाही हे पाहून त्यांनी पगडी माझ्याच हातात दिली. भास्करच्या ओठाला ओलं फडकं लावलं आणि दोघांना म्हणाले, "उद्या खटला. त्याआधी वकिलानं आपल्या पक्षकाराला गाठून नीट विचारून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर दोघं विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले. आधी पाठीला पाठ लावून. मग थोड्या वेळानं तोंडं वळली. भास्करचा ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता.

खटला सुरू होणार तोच रावसाहेब शाळेत आले. जरीची पगडी, मागं दोन शिपाई, आणि त्यांच्या मागं घाम पुसत हेडमास्तर. मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला.

"तो शिंप्याचा पोर कुठला?" रावसाहेब म्हणाले. "त्याला माझ्यासमोर छड्या मारा आणि आजच्या आज नाव काढून टाका."

"होय साहेब, आत्ता काढतो," हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांनी छडी मास्तरांपुढं धरली.

नाव काढलं की गणूचं शिक्षण संपलं. गावात दुसरी तशी शाळा नव्हती, आणि रावसाहेबांनी काढलेल्या पोराला कोण घेणार? गणू सतरंजीवर उठून उभा राहिला होता.

मास्तरांची कानशिलं लाल झाली. हात वर गेले. आमच्याकडे सुतकाशिवाय कुणी बोडक्या डोक्यानं घराबाहेरसुद्धा पडत नसे, आणि दरबारी माणसासमोर बोडकं होणं म्हणजे त्याच्या तोंडावर अपमान. नोकरी जायला तेवढं पुरे होतं. मी मनात म्हणत होतो, आज नको, अहो आज नको.

"थांबा," मास्तर म्हणाले, "आधी पगडी उतरवतो."

आणि उतरवली. खुंटीला लावली, खुर्चीत बसले, तांब्या तोंडाला लावला.

रावसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. "माझ्यासमोर बोडक्यानं बसता? ही हिंमत?"

हेडमास्तरांनी डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात सतरंजीवरून भास्कर उठला. अर्ध्या दातातून हवा जात होती, त्यामुळे प्रत्येक शब्दामागं शीळ यायची.

"बाबा, अपमान नाही तो. मास्तरांना राग आलाय. पगडी उतरवली की थोडं थांबायचं असतं. सगळेच थांबतात."

दारातला आमचा चपराशी माळवी माणूस. त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि बसा, फार वेळ नाही लागत, अशी समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बैठी जाओ साब. घणी देर नी लागे."

रावसाहेब बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पंचवीसएक पोरं शांतपणे थांबली आहेत आणि आपण एकटेच उभे, हे कुणालाही अवघडच जाणार.

मास्तरांनी पाणी संपवलं, पगडी डोक्यावर ठेवली आणि उठून हात जोडले. "रावसाहेब, निकाल आपणच द्यायचा. मी एका शब्दानं मध्ये पडणार नाही. फक्त आधी खटला ऐका, इथला नियम आहे."

भास्कर गणूचा वकील म्हणून बोलू लागला.

"गणूच्या वडिलांनी धाकटीच्या हत्तीची दसऱ्याची झूल शिवली. माप घ्यायला गेले तेव्हा हत्ती बसलेला होता. माहूत जेवायला गेलेला, आणि हत्तीला उठवायला कुणी धजेना. म्हणून बसलेल्या हत्तीचंच माप घेतलं आणि मखमल कापली." वर्गात खसखस पिकली. रावसाहेबांच्या मिशीचं टोक जरा हललं. "हत्ती उभा राहिला तर झूल आखूड. इंदूरहून आणखी मखमल आणली, ती निराळ्या रंगाची निघाली. जोड द्यावे लागले. गणू रोज वडिलांसमोर कापडाचं टोक धरून बसायचा. वडील सारखं म्हणायचे, लांबून कळणार नाही रे. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुमच्या हत्तीनं गोधडी पांघरलीय. म्हणजे लांबून कळलं होतं."

गणू खाली बघत म्हणाला, "हो, असंच."

मग गणूची पाळी. त्याचा आवाज इतका बारीक की मी तट्ट्याला कान लावला.

"भास्करला कबूल केलं होतं की यंदा दसऱ्याच्या सवारीत वडील त्याला आपल्या घोड्यावर पुढं बसवतील. त्यानं नवा अंगरखा शिवून घेतला. आयत्या वेळी चुलतभावाला बसवलं. यानं विचारलं, तर सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला सांगितलं, तू घाबरट आहेस, पडशील. हा नवा अंगरखा घालून गर्दीत उभा राहिला. घरी कुणाला काही बोलायची सोय नव्हती. म्हणून शाळेत येऊन कुणाला तरी टोचून बोलला. समोर मी होतो."

आता भास्करनं "हो, असंच" म्हणायचं. पण ते म्हणणं म्हणजे भर वर्गात बापाविरुद्ध साक्ष देणं. आणि नाही म्हणालं तर गणूची वकिली पडली, गणूचं नाव गेलं. पोरगा एकदा बापाकडे बघे, एकदा गणूकडे. मास्तरांनी त्याला एका नजरेनंही सुचवलं नाही. ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभे होते.

"हो," भास्कर म्हणाला, आणि मग शीळ घालत, "असंच."

रावसाहेब आपल्या जोड्यांकडे बघत बसले. मग त्यांनी दोन्ही हात वर नेले, जरीची पगडी उतरवली आणि गुडघ्यावर ठेवली. खाली त्यांनाही टक्कल होतं, आणि ते मास्तरांपेक्षाही मोठं होतं.

मास्तर हलकेच म्हणाले, "साहेबांना पाणी."

चपराशी धावला. थोरलीचा माठ रिकामा होता, म्हणून त्यानं बिचकत बिचकत धाकटीच्या माठातलं भांडं भरून आणलं. रावसाहेबांनी एका दमात संपवलं. मग मुलाला विचारलं, "घाबरट म्हणालो, ते फार लागलं का रे?"

भास्करनं मान डोलावली.

"नाव राहू द्या," रावसाहेब उठता उठता हेडमास्तरांना म्हणाले. "आणि छडी आत ठेवा ती." शिक्षा म्हणून त्यांनी गणू आणि भास्कर दोघांना मिळून महिनाभर रोज दोन्ही माठ भरायला लावले. पोरांनी ते काम इतकं आवडीनं केलं की शिक्षा संपल्यावरही सोडेनात, आणि आमच्या चपराशाला बसून बिड्या ओढायला मोकळा वेळ मिळाला.

आता गावच ते. बोडक्या मास्तरची बातमी दोन्ही दरबारांत पोचलीच. थोरलीतून कुणीतरी म्हणालं, या माणसाला काढा. धाकटीनं उत्तर दिलं, अपमान तुमच्या माणसाचा, आमचं काय बिघडलं? पुढं धाकटीला वाटलं की काढलेलाच बरा, तर तोवर थोरलीत खुद्द रावसाहेबच आडवे पडले. शाळा सामाईक, मास्तर सामाईक, तेव्हा दोघांच्या एकमताशिवाय त्यांना हात लावता येईना, आणि देवासात एकमत कधी झालंय? दोन राज्यांत राहण्याचा एवढा एकच फायदा मी उभ्या जन्मात पाहिला. मास्तर आरामात पेन्शनीपर्यंत पोचले.

फक्त एक गोष्ट मला तेव्हाही खटकली. इतकी लिखापढी झाली, पण पगडी का उतरवलीत हे त्यांना स्वतःला कुणी एकदाही विचारलं नाही.

पेन्शनीत निघाल्यावर ते आणि काकू धारला मुलाकडे राहायला गेले. शाळेतल्या शेवटच्या दिवशी वर्गात आले आणि काही न बोलता त्यांनी पगडी खुंटीला लावली. पोरं लगेच गप्प. एका चिमुरड्यानं धीर करून विचारलं, "मास्तर, कुणावर रागावलात?"

"कुणावर नाही रे," ते म्हणाले. पाणी प्यायले, आणि पगडी परत घालायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

दारात टांगा उभा होता, काकू हाका मारत होत्या. मी पायरीपर्यंत गेलो. टांग्यात चढता चढता म्हणाले, "तट्ट्यातून तुम्ही सगळं ऐकलंय. माझी बाजू कधी कुणी विचारली तर मांडाल ना?"

"बघू," मी म्हणालो. असल्या वेळी मला दुसरं काही सुचत नाही. ते हसले आणि टांगा धारच्या रस्त्याला लागला.

मागच्या महिन्यात धारहून कळलं की मास्तर गेले. दुपारचे ओट्यावर बसले होते, तिथंच. भास्कर आता थोरल्या दरबारात नोकरीला आहे, अर्धा दात तसाच. गणू सतवास गावात मास्तर झालाय. त्याच्या डोक्यावर साधी टोपी असते, आणि पोरं सांगतात की तीही अधूनमधून खुंटीला जाते. दोघं मिळून मला भेटायला आले होते. बराच वेळ बसले, चहा गार झाला तरी बसले. आम्ही तिघंही मास्तरांच्या आठवणीनं हसलो, आणि हसता हसता तिघंही रडलो.

त्यानंतर चारच दिवसांनी बाजारात एक जण म्हणाला, "ते तुमच्या शाळेतले वेडे मास्तर गेले म्हणे, रावसाहेबांसमोर बोडके बसलेले?" माझी कानशिलं तापली. तोंडावर आलेलं सगळं गिळून घरी आलो, पगडी उतरवून समोर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायलो आणि लिहायला बसलो.

त्यांची बाजू मांडून झाली. नियमाप्रमाणे आता पक्षकाराकडून "हो, असंच" येईपर्यंत वकिलाची सुटका नाही. पगडी अजून समोरच आहे. मी थांबलोय.